हृदय थांबते तेव्हा मेंदूची राखण

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहावा अशी सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हाला फार लांब जावे लागले नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या दालनात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना रुग्णाचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी, दालनाच्या दाराशी येतो : "डॉक्टर, वाचतील ना?" दुसरा प्रश्न दोन-तीन दिवसांनी, जरा संकोचत, बाजूला घेऊन विचारला जातो : "साहेब, बाबा पहिल्यासारखे होतील ना? काल रात्री ते मला ओळखतच नव्हते."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास वैद्यकशास्त्र आज पुष्कळ समर्थ झाले आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो हृदयाचा नसून मेंदूचा आहे. शस्त्रक्रिया छातीत होते, पण माणूस माणूस म्हणून राहतो तो मेंदूमुळे. हृदय थांबवून त्यावर टाके घातले जात असताना मेंदूला रक्त पोहोचते की नाही, हे कोण पाहते, कसे पाहते, आणि त्या पाहण्याला मर्यादा कोणत्या, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी केव्हा ना केव्हा हा प्रसंग येतो. त्या वेळी ही माहिती धीर देईल आणि योग्य प्रश्न विचारण्यास मदत करील, अशी आशा आहे.

मेंदूचे पोट हातावर

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. पण त्याची मागणी या प्रमाणात नसते. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातले जवळजवळ ७५० मिलिलिटर एकटा मेंदू घेतो. शरीर जो प्राणवायू वापरते, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा मेंदूच्या वाट्याला जातो.

एवढी भूक असूनही मेंदूजवळ साठा मात्र नाही. स्नायू काही काळ आपल्या साठ्यावर भागवू शकतात. मेंदूचे तसे नाही; त्याचे पोट हातावर आहे. या क्षणी आले तर या क्षणी खायचे. रक्तपुरवठा पूर्ण बंद पडला तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते, आणि नेहमीच्या शरीरतापमानाला चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया तर कित्येकदा तास-दोन तास चालते. मग तेवढा वेळ मेंदू जगतो कसा?

रक्त यंत्राच्या हाती

या प्रश्नाने अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांना तरुणपणीच गाठले. १९३१ साली बोस्टन येथे फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकलेल्या एका स्त्रीजवळ त्यांना रात्रभर बसावे लागले. तिचे रक्त काही वेळ शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडता आले तर ती वाचेल, असा विचार त्यांच्या मनात आला. ती स्त्री वाचली नाही. पण तो विचार त्यांनी सोडला नाही. पत्नी मेरी यांच्या साथीने त्यांनी पुढे दोन दशके या यंत्रावर काम केले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र त्यांनी बंद केले. त्या वेळी २६ मिनिटे तिचा देह पूर्णपणे यंत्रावर अवलंबून होता. मात्र त्यानंतरचे रुग्ण दगावले, तेव्हा गिबन यांनी हात आखडता घेतला. १९५५ साली मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जॉन कर्कलिन यांनी तेच यंत्र सुधारून पुन्हा वापरात आणले आणि हृदय उघडून करायच्या शस्त्रक्रियेचा मार्ग प्रशस्त झाला.

आजचे हृदय-फुप्फुस यंत्र त्याच तत्त्वावर चालते. उजव्या कर्णिकेत येणारे अशुद्ध रक्त नळीवाटे बाहेर काढले जाते. त्यात प्राणवायू मिसळला जातो, त्याचे तापमान हवे तसे राखले जाते आणि पंपाने ते महाधमनीत परत सोडले जाते. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून आधी हेपारिन दिले जाते. काम संपल्यावर प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम उलटवला जातो. हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला परफ्युजनिस्ट म्हणतात. नातेवाईकांना शल्यचिकित्सकाचे नाव ठाऊक असते. भूलतज्ज्ञाचे क्वचित ठाऊक असते. परफ्युजनिस्टचे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. पण त्या तास-दोन तासांत रुग्णाचे हृदय म्हणजे तोच असतो.

आपल्याकडे बायपासच्या बऱ्याच शस्त्रक्रिया यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावरही होतात. तेथे हृदय थांबत नाही, पण टाके घालण्यासाठी ते उचलून फिरवावे लागते आणि तेवढ्यात रक्तदाब खाली येतो. म्हणजे पद्धत कोणतीही असो, मेंदूची काळजी चुकत नाही.

नाडी नसताना दाब कसा मोजायचा?

रक्तदाब म्हटले की दंडाला बांधायचा पट्टा आपल्या डोळ्यांसमोर येतो. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली हा पट्टा वापरात आणला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्टा सैल करताना स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा आणि खालचा दाब ओळखण्याची रीत सांगितली. ही रीत आजही गावोगावच्या दवाखान्यात चालते. पण तिचा सगळा आधार नाडीवर आहे. यंत्राचा पंप रक्त बहुतेक वेळा संथ, अखंड धारेने सोडतो. ठोका नाही, म्हणून नाडी नाही. आणि नाडी नाही, म्हणून पट्ट्याचे यंत्र मुके होते. करोनाच्या साथीत घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही नाडीच्याच लाटेवरून आकडा काढते. तेही या वेळी निरुपयोगी ठरते.

म्हणून दाब थेट धमनीच्या आतून मोजावा लागतो. ही कल्पना पट्ट्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवून काचेच्या उभ्या नळीत रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि १७३३ साली ते प्रसिद्ध केले. रक्त ८ फुटांहून वर चढले होते. आज आम्ही मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवतो. ती दाब टिपणाऱ्या संवेदकाला जोडलेली असते आणि पडद्यावर क्षणाक्षणाचा दाब रेषेच्या रूपाने उमटत राहतो.

यातही बारकावे आहेत. संवेदक हृदयाच्या पातळीला ठेवावा लागतो. तो १० सेंटिमीटर खाली सरकला, तर दाब ७ ते ८ मिलिमीटर जास्त दिसतो. रुग्णाचे शरीर तेच, रक्त तेच, केवळ खाट वरखाली झाली म्हणून आकडा खोटा बोलतो. त्यामुळे खाट हलली की संवेदक पुन्हा जुळवणे हा आमच्या कामातील पहिला पाठ असतो.

येथे सरासरी दाब ही संज्ञा समजून घ्यावी. १२०/८० रक्तदाब असणाऱ्याचा सरासरी दाब १०० नसतो, सुमारे ९३ असतो. कारण हृदय आकुंचनापेक्षा शिथिलतेत अधिक काळ असते. खालच्या दाबात, दोन्ही दाबांमधील फरकाचा एक तृतीयांश मिळवला की हा आकडा मिळतो. यंत्र चालू असताना वरचा-खालचा असा भेद उरत नाही. हा एकच सरासरी दाब पाहिला जातो. तो बहुधा ५० ते ८० मिलिमीटरांच्या दरम्यान राखण्याची रीत आहे.

टाकी भरलेली, पण शेवटचा नळ?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दाब ठीक आहे म्हणजे मेंदूला रक्त ठीक मिळते आहे, असे म्हणता येईल का?

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला पाण्याचा अनुभव आहे. टाकी भरलेली असते, खालच्या मजल्यावर पाणी धो-धो येते, पण वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार असते. टाकीजवळ दाब मोजणारा म्हणेल की सगळे उत्तम आहे. शेवटच्या नळाशी बादली घेऊन उभा असलेला मुलगा वेगळे सांगेल. मधल्या पाइपात गाळ असेल, पाइप अरुंद असेल, तर टाकीजवळच्या दाबावरून शेवटच्या नळाची धार कळत नाही. मनगटातला दाब हा टाकीजवळचा दाब आहे. मेंदू हा शेवटच्या नळाशी उभा आहे.

निसर्गाने मेंदूला एक मोठी सोय दिली आहे. दाब थोडा उतरला की मेंदूतील बारीक धमन्या आपोआप रुंद होतात, दाब चढला की त्या आकसतात, आणि त्यामुळे प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. याला स्वयंनियमन म्हणतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स लासेन यांनी १९५९ साली अनेकांचे निष्कर्ष एकत्र मांडून दाखवले की एका मर्यादेपर्यंत दाब उतरला तरी मेंदूचा रक्तप्रवाह फारसा बदलत नाही. पाठ्यपुस्तकांत ही मर्यादा खाली साधारण ५० ते ६० आणि वर १५० मिलिमीटर अशी दिली जाऊ लागली. खालच्या मर्यादेच्या खाली दाब गेला, की धमन्या आणखी रुंद होऊ शकत नाहीत. मग दाब जितका घसरेल तितका प्रवाहही घसरतो.

अनेक वर्षे हा आकडा सर्वांना सारखा लागू मानला गेला. पण माणसे सारखी नसतात. १९७३ साली कोपनहेगन येथील संशोधकांनी दाखवले की दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्यांत ही सारी पट्टीच वर सरकलेली असते. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे हृदयशस्त्रक्रिया चालू असताना प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा खालची मर्यादा सरासरी ६६ मिलिमीटरच्या आसपास निघाली. मात्र कोणात ती ४० होती, तर कोणात ९०. याचा अर्थ असा, की ६० मिलिमीटर दाबावर एकाचा मेंदू तृप्त असेल आणि शेजारच्या टेबलावरील दुसऱ्याचा उपाशी असेल. दोघांच्या पडद्यांवर आकडा मात्र एकच असेल. केवळ वय किंवा आजाराचा इतिहास पाहून कोणाची मर्यादा कोठे आहे, हे नेमके सांगता येत नाही.

मेंदूकडे पाहण्याच्या दोन खिडक्या

कवटी हाडाची पेटी आहे. आतला प्रवाह बाहेरून पाहायचा, तर खिडकी शोधावी लागते. अशा दोन खिडक्या विशेष उपयोगी ठरल्या.

पहिली आवाजाची. १९८२ साली बर्न येथे काम करणारे रुने ऑस्लिड यांनी कानाच्या पुढील बाजूस, कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी आत सोडून मेंदूच्या मुख्य धमनीतील रक्ताचा वेग मोजला. लहरी ज्या तत्त्वावर परततात ते डॉप्लर यांनी १८४२ साली सांगितले होते : जवळ येणाऱ्या वस्तूचा स्वर चढतो, दूर जाणाऱ्याचा उतरतो. फलाटावर उभे राहून गाडीची शिटी ऐकणाऱ्यास हे सांगायला नको. या पद्धतीने वेग तर कळतोच, शिवाय हवेचा बुडबुडा किंवा गुठळीचा कण मेंदूकडे गेला तर 'चिक्' असा वेगळा ध्वनी ऐकू येतो. अडचण अशी, की काही लोकांचे, विशेषतः वृद्ध स्त्रियांचे, कानशिलाचे हाड जाड असल्याने ही खिडकी त्यांच्यात उघडतच नाही. आणि शस्त्रक्रियेच्या गर्दीत तो संवेदक जागेवर धरून ठेवणेही कठीण जाते.

दुसरी खिडकी प्रकाशाची. अंधारात विजेरी तळहाताखाली धरली की बोटे लालसर दिसतात, हा खेळ आपण सर्वांनी केला आहे. लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हाडातूनही काही अंतर पार जातो. १९७७ साली ड्यूक विद्यापीठातील फ्रान्स योब्सिस यांनी दाखवले की या प्रकाशाच्या साहाय्याने कवटी न उघडता मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेता येतो. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते, हे त्यामागचे तत्त्व. आज कपाळावर दोन्ही बाजूंना एकेक चिकटपट्टी लावली जाते. प्रत्येक पट्टीत प्रकाशाचा एक उगम आणि थोड्या थोड्या अंतरावर दोन ग्राहक असतात. जवळचा ग्राहक मुख्यतः कातडी व हाड पाहतो, दूरचा त्याखालचा मेंदूही पाहतो. दोहोंच्या वजाबाकीतून मेंदूचा आकडा मिळतो. या उपकरणाला नाडी लागत नाही, म्हणूनच ते हृदय थांबलेले असतानाही बोलत राहते.

हा आकडा बोटाच्या ऑक्सिमीटरसारखा ९८ किंवा ९९ नसतो. तो बहुधा ६० ते ७५ टक्क्यांच्या घरात असतो, कारण त्यात मुख्यतः मेंदूतून परतणाऱ्या, प्राणवायू देऊन झालेल्या रक्ताचे मोजमाप असते. ताटात किती वाढले हे बोटाचा आकडा सांगतो. जेवण झाल्यावर ताटात किती उरले हे कपाळाचा आकडा सांगतो. उरलेले फारच कमी होऊ लागले, तर वाढप अपुरे पडते आहे असे समजावे.

आकडा घसरतो तेव्हा

समजा, ६८ वर्षांच्या एका आजींच्या झडपेची शस्त्रक्रिया चालू आहे. भूल देण्यापूर्वी कपाळाचा आकडा दोन्ही बाजूंना ६५ होता. यंत्र सुरू झाल्यावर काही वेळाने उजवीकडे ६२ आणि डावीकडे ५० दिसू लागतो. मूळ आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक घट, किंवा ५० च्या खाली घसरण, ही सामान्यतः धोक्याची खूण मानली जाते. आजींच्या डाव्या बाजूने ती रेषा ओलांडली आहे.

अशा वेळी गोंधळ नसतो, क्रम असतो. प्रथम मान पाहायची. ती एका बाजूला वळून रक्तवाहिनी दबली आहे का? मग नळ्या पाहायच्या. शुद्ध रक्त नेणारी नळी एकाच बाजूच्या धमनीकडे रोखली गेली आहे का, किंवा डोक्याकडून परतणाऱ्या रक्ताची वाट अडली आहे का? एकाच बाजूचा आकडा घसरला असेल, तर दोष बहुधा येथेच सापडतो. त्यानंतर सरासरी दाब पाहायचा; कमी असेल तर पंपाचा प्रवाह वाढवायचा किंवा धमन्या आकसवणारे औषध द्यायचे. मग रक्तातील कार्बन डायऑक्साइड. तो फार कमी झाला तर मेंदूच्या धमन्या आकसतात आणि प्रवाह घटतो. मग हिमोग्लोबिन, यंत्रातील द्रावणामुळे रक्त पातळ होते आणि फारच पातळ झाले तर रक्त देण्याचा विचार करावा लागतो. शेवटी मेंदूची मागणीच कमी करायची. भूल गाढ करायची किंवा शरीर थोडे थंड करायचे. तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. महाधमनीच्या कमानीवरील काही शस्त्रक्रियांत शरीर २० अंशांच्याही खाली नेऊन रक्ताभिसरण काही मिनिटे पूर्ण थांबवता येते, ते याच आधारावर.

थंड केलेले शरीर पुन्हा ऊबदार करताना मात्र घाई चालत नाही. मेंदूकडे जाणारे रक्त ३७ अंशांपेक्षा अधिक गरम होऊ द्यायचे नसते. या टप्प्यात स्वयंनियमनही ढासळण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया 'झाली' असे शल्यचिकित्सक म्हणतात, त्याच सुमारास मेंदूची राखण करणाऱ्यांचे डोळे पडद्यावर अधिक खिळलेले असतात.

दाब वाढवला की प्रश्न सुटतो का?

मग सर्वांचाच दाब वर ठेवला तर? हा प्रश्न संशोधकांनीही विचारला, आणि उत्तर सरळ आले नाही. १९९५ साली न्यूयॉर्क येथील कॉर्नेलच्या अभ्यासात बायपासच्या २४८ रुग्णांचे दोन गट केले गेले. दाब ८० ते १०० ठेवलेल्या गटात हृदयाच्या व मेंदूच्या गंभीर गुंतागुंती ४.८ टक्के, तर ५० ते ६० ठेवलेल्या गटात १२.९ टक्के आढळल्या. २०१८ साली कोपनहेगनहून आलेल्या अभ्यासाने वेगळे चित्र दाखवले. तेथे १९७ रुग्णांपैकी काहींचा दाब ४० ते ५० आणि काहींचा ७० ते ८० ठेवला होता, आणि पंपाचा प्रवाह दोघांतही सारखा राखला होता. नंतर एमआरआय केले, तेव्हा दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या रुग्णांच्या मेंदूत नवे बारीक डाग दिसले. दाब वाढवल्याने ते कमी झाले नव्हते.

याचे एक कारण समजण्यासारखे आहे. मेंदूची इजा केवळ कमी प्रवाहाने होत नाही. महाधमनीच्या आतील चरबीचे कण, गुठळ्या, हवेचे बुडबुडे वाहत जाऊन बारीक धमनी बुजवतात. पाइपात खडा अडकला असेल, तर टाकी उंच बांधून उपयोग होतोच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी महाधमनीची तपासणी, नळी घालण्याची जागा निवडणे, हृदयातील हवा कसोशीने बाहेर काढणे, यांचे महत्त्व दाबाइतकेच आहे.

दुसरा विचार असा पुढे आला, की सर्वांना एकच आकडा लावण्याऐवजी ज्याचा त्याचा आकडा शोधावा. पडद्यावर दोन रेषा असतात, एक दाबाची आणि एक कपाळाच्या प्राणवायूची. दाबाची रेषा वरखाली होत असूनही कपाळाची रेषा स्थिर असेल, तर मेंदूचे स्वयंनियमन जागे आहे. दुसरी रेषा पहिलीच्या पावलावर पाऊल टाकून उतरू लागली, की त्या रुग्णाची खालची मर्यादा आली असे समजायचे. जॉन्स हॉपकिन्स येथे या रीतीने दाब ठरवून केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयस्कर रुग्णांपैकी ३८ टक्के शस्त्रक्रियेनंतर भ्रमावस्थेत गेले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. ही रीत अजून सर्वत्र पोहोचलेली नाही, पण दिशा आशादायक आहे.

कपाळाच्या पट्टीलाही मर्यादा आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ती फक्त कपाळामागचा भाग पाहते. मेंदूच्या मागच्या भागात गुठळी गेली तर तिला कळणार नाही. म्हणून कोणतेही एक उपकरण राखणदार नसते. राखणदार माणसेच असतात.

घरच्यांनी काय करावे?

आता पालकांसाठी आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी काही गोष्टी. पहिली, शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला खरे सांगावे. घरी, आजार बळावण्यापूर्वी रक्तदाब किती असे, गोळ्या किती वर्षे चालू होत्या, मध्येच सोडल्या होत्या का, हे सांगावे. जुनी कागदपत्रे पिशवीत घालून न्यावीत. एकदा तोंड वाकडे झाले होते, हात लुळा पडला होता, बोबडी वळली होती पण तासाभरात बरे वाटले म्हणून कोणाला सांगितले नाही, अशी गोष्ट तर अजिबात लपवू नये. मानेतील धमनी अरुंद असल्याची ती खूण असू शकते. मधुमेह, तंबाखू, मिसरी, दारू यांविषयी लाजेने खोटे बोलू नये. दाब कोठे राखायचा हे ठरवताना हीच माहिती उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमावस्थेविषयी. वयस्कर रुग्ण एक-दोन दिवस असंबद्ध बोलतात, नळ्या ओढतात, नसलेली माणसे पाहतात. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. अंगारा-धुपारा करण्याऐवजी त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र, कवळी त्यांना द्यावी. नावाने हाक मारावी. आज वार कोणता, आपण कोठे आहोत, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे. रात्री झोप मिळेल असे पाहावे. बहुतेकांची ही अवस्था काही दिवसांत ओसरते. मात्र एक हात किंवा पाय उचलता न येणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अचानक बंद होणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच क्षणही न दवडता परिचारिकेला सांगावे. हृदयशस्त्रक्रियेनंतर पक्षाघात शंभरांत साधारण एक ते तीन रुग्णांना होतो.

तिसरी गोष्ट स्मरणशक्तीची. २००१ साली ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात बायपासनंतर घरी जाताना ५३ टक्के रुग्णांच्या बौद्धिक चाचण्यांत घसरण आढळली. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. मात्र दीर्घकाळाने दिसणारी घसरण शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांतही आढळते, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. तेव्हा सारा दोष यंत्राला देऊन आवश्यक शस्त्रक्रिया टाळणे योग्य नाही. पुढील वर्षांत रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे हीच मेंदूची मोठी राखण आहे.

आणि एक गोष्ट मुलांविषयी. आपल्या भागात कमी वयात झडपा खराब होण्यामागे लहानपणीचा संधिवाताचा ताप पुष्कळदा असतो. घशाच्या एका विशिष्ट संसर्गावर वेळीच उपचार न झाल्यास ५ ते १५ या वयात तो उद्भवतो. दाटीवाटीच्या वस्तीत आणि एकत्र राहणाऱ्या मुलांत हा संसर्ग लवकर पसरतो. म्हणून वसतिगृहातील मुलाचा ताप आणि घसादुखी किरकोळ समजू नये, आणि डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शने ठरावीक अंतराने घ्यायला सांगितली असतील तर ती वर्षानुवर्षे चुकवू नयेत. शाळांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मुलांची तपासणी अवश्य करून घ्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. पैशाअभावी निर्णय लांबवण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

अखेरीस दाराशी विचारल्या जाणाऱ्या त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. "पहिल्यासारखे होतील ना?" याला छातीठोक 'हो' म्हणता येत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही एवढेच सांगू शकतो, की आपले माणूस झोपलेले असताना त्याच्या मनगटातील दाब आणि कपाळामागचा प्राणवायू यांवर कोणाचे तरी लक्ष असते. त्या लक्ष ठेवणाऱ्याला आपल्या माणसाचा खरा इतिहास ठाऊक असेल, तर ते लक्ष अधिक डोळस होते. तो इतिहास सांगणे आपल्या हाती आहे. पुढची राखण आमच्याकडे सोपवावी.